एक खाट जमीन

मुलांनो,

मागच्या रविवारी तुमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. त्यात मंडप आहे, व्यासपीठ आहे, एक मोठे पाहुणे समई पेटवत आहेत आणि आठ-दहा माणसं त्यांच्या हाताला हात लावून उभी आहेत. मागे डाव्या कोपऱ्यात, नाल्याच्या काठावर, पांढऱ्या केसांची एक म्हातारी जमिनीवर बसलेली दिसते. समारंभाकडे तिची पाठ आहे. ती म्हातारी मी. फोटोखाली आत्याने लिहिलं, 'आईला उन्हाने चक्कर आली होती, आता बरी आहे.' त्यावर तुम्ही दोघांनी जोडलेले हात आणि हृदयाची चित्रं पाठवलीत, आणि धाकटीने विचारलं की आजी, तुला खुर्ची कुणी दिली नाही का.

मला चक्कर आली नव्हती. खुर्चीही होती, पहिल्या रांगेत, पांढरं कापड आणि मागे बो बांधलेली. मी जमिनीवर का बसले होते हे फोनवर चार ओळींत सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. घाईचं कारण एवढंच की समारंभाची स्मरणिका निघते आहे. तिच्यात माझ्या चकरेचा उल्लेख येणार आहे असं कळलं. एकदा छापलं की ते खरं होतं, म्हणून त्याआधी तुम्ही हे वाचा. तुम्ही मराठी सावकाश वाचता, तेव्हा मी साधंच लिहिते.

तो समारंभ तुमच्या आजोबांच्या नावाच्या निसर्ग पायवाटेच्या उद्घाटनाचा होता. आजोबा धुळ्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, हे तुम्हाला माहीत आहे. कसं शिकवायचे, ते माहीत नाही. त्यासाठी मला माझ्या खाटेपासून सुरुवात करावी लागेल.

ती खाट माझ्या माहेरची होती, जळगावची. सागवानी, चांगल्या रुंद नवारीने विणलेली. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी एक दिवस मी शाळेतून घरी आले (मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे), तर नवारीची नीट गुंडाळी करून ती फडताळात ठेवलेली आणि खाट गायब. आजोबांनी तिचे चारही पाय कापून टाकले होते आणि उरलेली लाकडी चौकट ते कॉलेजात घेऊन गेले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले की विद्यापीठाच्या पुस्तकात एक मीटर बाय एक मीटरची चौकट सांगितली आहे, पण आपल्या मुलांना मीटर कळत नाही, खाट कळते. एका माणसाला झोपायला जेवढी जागा लागते तेवढी त्यांना पुरी बघता आली, तरी मी समाधानी आहे. त्यांच्या समाधानाखातर मी पुढचे चार महिने सतरंजीवर झोपले.

शिकवण्याची पद्धत अशी. शहराबाहेर कॉलेजची पडीक जमीन होती आणि तिच्या कडेने एक नाला होता, वर्षातले नऊ महिने कोरडा. जूनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला तिथली एक खाट जमीन मिळायची. चौकट ठेवायची, चार कोपऱ्यांना दगड पुरायचे, झाली तुमची जमीन. मग वर्षभर दर शनिवारी तिथे जायचं, पाळीपाळीने चौकट पुन्हा ठेवून दगड तपासायचे आणि तासभर बसून आत जे दिसेल ते लिहायचं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचं, जशी आपण पाटी वाचतो तसं. पहिल्या शनिवारी बहुतेक सगळी मुलं 'काही नाही' असं लिहायची. आजोबा त्याखाली लाल शाईने लिहायचे, 'परत बघा.' दिवाळीपर्यंत त्याच मुलांची वही भरलेली असायची. मुंग्यांच्या तीन जाती, हरणखुरीचं रोप, सापाची कात, एका मुलीने तर बोरीच्या एकाच फांदीवर सगळा पावसाळा काढला होता.

ही चौकट कॉलेजातून नाल्यापर्यंत खांद्यावरून न्यावी लागायची, आणि रस्ता बाजारपेठेतून जायचा. पुढे दोन मुलं, मागे एक मुलगा आणि कॉलेजचा शिपाई, खांद्यावर लांबट लाकडी सांगाडा, मागोमाग मान खाली घालून चाललेले तीस जण आणि सर्वांत शेवटी गंभीर चेहऱ्याचे आजोबा. पहिल्या वर्षी दुकानदार उठून उभे राहिले. एका कापडवाल्या शेठजींनी अर्धं शटर खाली ओढलं. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून मागोमाग चालू लागले ते थेट नाल्यापर्यंत आले, आणि तिथे मुलं चौकट जमिनीवर ठेवून तिच्याभोवती वही-पेन्सिल घेऊन बसलेली पाहिल्यावर त्यांनी विचारलं की गेलं कोण. आजोबा म्हणाले, अजून कोणी नाही, आम्ही राहिलेत किती ते मोजतोय.

नाल्याच्या पलीकडच्या काठाला मातीची एक उभी दरड आहे, दोन पुरुष उंच. तिच्यात दर उन्हाळ्यात वेडे राघू बिळं करतात. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, शेपटीत एक लांब काडी असलेला हा पक्षी तारेवर बसतो, उडती माशी पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. माती पोखरून हातभर लांब बोगदा करतो आणि त्यात पिल्लं वाढवतो. आजोबा दर मे महिन्यात ही बिळं मोजायचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही मोजायचे. ते गेल्यावर मोजणी माझ्याकडे आली. मला जीवशास्त्र येत नाही, पण मला रजिस्टर ठेवता येतं, आणि रजिस्टरमध्ये एक वर्ष कोरं राहिलेलं मला बघवत नाही. सोबतीला नाना असतात. नाना म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतले जुने शिपाई, शिंदखेड्याकडचे. आजोबांच्या प्रत्येक वर्गाबरोबर चौकटीचा मागचा उजवा कोपरा त्यांच्याच खांद्यावर असायचा. आता ते पायवाटेचे रखवालदार आहेत.

तर, ही पायवाट. तीन वर्षांपूर्वी आजोबांचे एक जुने विद्यार्थी घरी आले. त्यांची सूतगिरणी आहे, दोन शाळा आहेत, आणि ते बऱ्याच गोष्टींचे अध्यक्ष आहेत, म्हणून मी त्यांना अध्यक्षच म्हणेन. विद्यार्थी असताना त्यांनी सलग चार शनिवार 'काही नाही' लिहिलं होतं. हे ते स्वतःच सांगतात, आणि प्रत्येक भाषणात सांगतात. सरांचं ऋण फेडायचं आहे, त्या जमिनीवर सरांच्या नावाने पायवाट करायची आहे, असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका. त्या समितीत एकही माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मी त्याला थांबवू शकले असते.

पहिल्या बैठकीत कमान ठरली. पायवाट कुठून कुठे जाईल हे त्यानंतर ठरणार होतं, पण कमानीला देणगीदार लगेच मिळाला, त्यामुळे कमान आधी झाली. ती एवढी रुंद झाली की तिच्याखालून फूटभर वाट न्यायची म्हणजे शोभेना. शिवाय उद्घाटनाला जे पाहुणे बोलवायचे होते त्यांचे गुडघे दुखतात असं कळलं. गाडी थेट व्यासपीठापर्यंत जायला हवी. म्हणून पायवाट बारा फुटांची झाली, तिच्यावर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसले, आणि मध्येच गाडी वळवायला जागा ठेवली. माझ्या माहितीतली ही एकमेव पायवाट आहे जिच्यावर 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी आहे.

मग साफसफाई झाली. बोरी, तरवड, हिवर, नेपतीची काटेरी जाळी हे सगळं दोन दिवसांत जेसीबीने उपटलं, कारण पाहुण्यांना बघायला काहीतरी स्वच्छ हवं. त्या जागी हिरवळ लावली, कुंपणाला पाम लावले. त्याच सुमारास आजोबांच्या यादीवरून वनस्पतींचे माहितीफलक तयार होत होते. फलकांचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. मी चांगला चष्मा लावून, पेन्सिलीला टोक करून एकेक ओळ तपासली. 'तरवडाची फुले पिवळी असतात' याच्यातलं विरामचिन्ह मी दुरुस्त करत होते तेव्हा तिकडे तरवड उपटला जात होता. मी जाऊन बघितलं नाही. मला वाटलं, फलक होताहेत म्हणजे झाडं असणारच. आता ते फलक ठरल्याप्रमाणे ठरल्या जागी, हिरवळीत उभे आहेत. मजकुरात एकही चूक नाही. प्रत्येक फलकाशेजारी दुसरी पाटी आहे, 'गवतावर चालू नये.'

खाटेचं काय झालं तेही सांगते. अध्यक्षांना खाटेचं महत्त्व माहीत होतं, खांदा त्यांनीही दिलेला होता. त्यांनी नाशिकहून आलेल्या तरुण वास्तुरचनाकाराला सांगितलं की सरांची खाट पायवाटेवर दिसली पाहिजे. त्या तरुणाने आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. त्याने सिमेंटच्या अकरा खाटा काढल्या, पायांसकट, वर नवारीची नक्षी आणि उशाला सिमेंटची उशी. नकाशा बघून मी म्हणाले की आतलं रिकामं हवं, सगळा मुद्दा आतल्या मातीचा आहे. अध्यक्ष जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मॅडम, रिकामं ठेवलं तर लोक म्हणतील काम अपुरं राहिलं." तेव्हा खाटा भरीव झाल्या. दुपारी त्यांच्यावर कामाचे मजूर झोपतात, आणि मला वाटतं सगळ्या प्रकल्पात एवढाच भाग कुणाच्या तरी उपयोगी पडला आहे.

नाला मात्र राहिला होता. जेसीबी खाली उतरेना म्हणून दरडीला कोणी हात लावला नव्हता. आजोबांनी मुलांना जे जे दाखवलं होतं त्यातलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, ती दरड आणि तिच्यातली बिळं. मेच्या सुरुवातीला मी आणि नानांनी मोजली तेव्हा नऊ बिळं होती, नऊच्या नऊ बिळांत ये-जा होती. मी रजिस्टरला तारीख घातली आणि मनाशी म्हटलं, बाकी गेलं ते गेलं, ही ओळ तर भरणार.

आता तो रविवार. कार्यक्रम दहाचा होता. सकाळी साडेसातला नानांचा फोन आला. नाना फोनवर मोजकंच बोलतात, तेही अहिराणीत.

"अक्का, लवकर या. दरडवर कपडा टांगी दिधा. पिल्लं मझार शेत."

मझार म्हणजे आत, शेत म्हणजे आहेत. मी रिक्षा केली.

व्यासपीठ नाल्याच्या अलीकडे, नाल्याकडे पाठ करून घातलं होतं. त्यामुळे समोर बसणाऱ्यांना व्यासपीठाच्या मागे, नाल्यापलीकडे, ती उभी दरड दिसायची. उंच, सपाट आणि अगदी मध्यभागी. मंडपवाल्याला फ्लेक्स लावायला याहून चांगली जागा मिळाली नसती. त्याने वीस फुटी फ्लेक्स दरडीवर ताणून बसवला होता, वर खुंट्या, खाली दगड, वाऱ्याने फडफडू नये म्हणून कडांना माती. बिळं सगळी त्याच्याखाली. वरच्या तारेवर दहा-बारा राघू बसले होते, प्रत्येकाच्या चोचीत काहीतरी होतं, माशी, चतुर. एखादा उडून फ्लेक्ससमोर येऊन फडफडायचा, आणि चोचीतलं तसंच घेऊन पुन्हा तारेवर जाऊन बसायचा. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्ही एकदाच पाहिलं आहे, तेव्हा तुम्ही दोघं दिवसभर कूलरसमोरून हलला नव्हता. ते प्लॅस्टिक आठ वाजताच हाताला गरम लागत होतं.

अध्यक्ष आधीच आले होते, नवीन जाकीट घालून, तीन फोनांवर बोलत. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की फ्लेक्समागे पिल्लं आहेत, कार्यक्रम होईपर्यंत टिकणार नाहीत. त्यांनी मनापासून ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, त्याच्यावर साहेबांचा फोटो आहे. साहेब यायच्या आधी त्यांचा फोटो खाली उतरला आणि ते कुणी मोबाइलवर घेतलं तर माझं काय होईल? साहेब निघाले की पुढच्या मिनिटाला काढतो. दोन तास सांभाळून घ्या."

"पाखरे घड्याय बांधतस का, भाऊ?" नाना मागून म्हणाले. अध्यक्षांनी ते ऐकलं नसल्याचं दाखवलं.

साहेब, म्हणजे ते गुडघे दुखणारे पाहुणे, शिरपूरहून निघाले आहेत असं तेव्हा सांगण्यात येत होतं. मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा ते शिरपूरहून निघाले होते. नऊ वाजता मी पुन्हा गेले. मी सांगितलं की सर ही बिळं दर वर्षी मोजायचे, पायवाट त्यांच्या नावाची आहे, हे एवढं वाचलं नाही तर ती कशाची पायवाट. या वेळी अध्यक्षांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. ते म्हणाले की सरांची आठवण आली की त्यांचंही असंच होतं, आणि त्यांनी माझ्यासाठी थंड पाणी आणि टेबल-फॅन मागवला.

मी त्या फॅनसमोर पहिल्या रांगेत बसले. समोर फ्लेक्स. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी तोपर्यंत तो फ्लेक्स नीट बघितलाच नव्हता. कोणीच बघितला नव्हता. आपल्याकडे फ्लेक्स कसा असतो हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. मला विचारलं असतं तर मीही 'काही नाही' असंच लिहिलं असतं.

मग मी तो आजोबांच्या पद्धतीने बघायला घेतला. वरचा डावा कोपरा. एक खाट एवढी जागा, पुरी बघून झाली की शेजारची. वर पाच गोल होते, त्यांत राज्यातल्या आणि जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांचे चेहरे. मध्ये साहेब, कमरेपासून वर, नमस्कार करताना. उजवीकडे आमच्या नाल्यावर सात जन्मांत न येणारा लाल-निळा परदेशी पोपट. खाली अध्यक्ष. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, फुलांच्या महिरपीत, पोपटाच्या शेपटीखाली, तुमचे आजोबा, पोपटापेक्षा लहान. मी परत वर गेले. परत बघा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पहिला गोल, दुसरा गोल. तिसऱ्या गोलाशी मी थांबले.

तुम्हाला माहीत आहे, मी सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तुमचे बाबा त्यावरून मला हसतात. तिसऱ्या गोलातल्या गृहस्थांचा फोटो बुधवारच्या पेपरात पहिल्या पानावर होता. आदल्या दिवशी त्यांनी वाजतगाजत दुसऱ्या पक्षात प्रवेश केला होता. गळ्यात नव्या रंगाचा पंचा होता आणि शेजारी साहेबांचे कट्टर विरोधक त्यांना पेढा भरवत होते. फ्लेक्सची रचना बहुधा कमानीच्या वेळची होती. दर कार्यक्रमाला नुसती तारीख बदलत गेले होते.

मी उठून अध्यक्षांकडे गेले. ते एका फोनवर होते, म्हणून मी फोन संपेपर्यंत थांबले.

"तो वरचा तिसरा गोल," मी म्हणाले. "ते गृहस्थ मंगळवारी पलीकडे गेले ना?"

त्यांनी मान वर केली. काही क्षण ते फ्लेक्सकडे बघत राहिले. त्यांना आजोबांकडे वर्षभर शिकून जे जमलं नव्हतं ते त्या वेळी जमलं. त्यांनी खरंच बघितलं.

"हा कुणी लावला?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मंडपवाल्यासकट सहा माणसं नाल्यात उतरली. खुंट्या निघाल्या, दगड निघाले, आणि वीस फुटी फ्लेक्स चार मिनिटांत खाली आला. चेहरे आत करून त्याची घडी घातली गेली आणि कोणाच्या मोबाइलला दिसू नये म्हणून ती एका सिमेंटच्या खाटेखाली सरकवली गेली. नवीन छापून आणायला वेळ नव्हता. दरड जशी होती तशी उघडी राहिली.

अध्यक्ष माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज मला वाचवलं. सरांचंच पुण्य." ते लगेच साहेब कुठपर्यंत आले ते विचारायला गेले. साहेब शिरपूरहून निघाले होते.

नाना काठावर उभे होते. म्हणाले, "अक्का, तुम्ही त पाखरूनं नाव बी लिधं नही."

"दोनदा घेतलं होतं," मी म्हणाले.

त्यानंतर मी व्यासपीठाच्या मागे, नाल्याच्या काठावर बसले. हा तो फोटो. खुर्ची तिथे नेता आली असती, पण खुर्चीवरून खालची बिळं दिसत नाहीत, आणि माणूस उंच दिसला की राघू लवकर परत येत नाहीत. आजोबांचा नियम होता की एका माणसाने एक खाट जागा घ्यावी आणि हलू नये. मी पदर डोक्यावर घेतला आणि बसले. नाना थोड्या अंतरावर बसले, ते फोटोच्या चौकटीबाहेर राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. दरडीवर माणसांच्या हातांचे ठसे होते, दोन बिळांच्या तोंडाशी माती ढासळली होती. मग तारेवरचा एक राघू आला, बिळासमोर हवेत थबकला, परत गेला, पुन्हा आला आणि आत शिरला. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी होती. मी पिशवीतून आमंत्रणपत्रिका काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पहिली खूण केली.

पाऊण वाजता साहेब आले. गाडी पायवाटेवरून थेट व्यासपीठापर्यंत आली. त्यांचे गुडघे ठीक होते, ते पायऱ्या भराभर चढले. मला माईकवरून दोनदा बोलावलं गेलं. तोपर्यंत माझ्या सात खुणा झाल्या होत्या. माती ढासळलेल्या दोन बिळांत अजून कोणी गेलं नव्हतं. नऊ झाल्याशिवाय मी उठणार नव्हते. सात बिळं बघून नऊ लिहिणं आमच्या घरात कधी झालेलं नाही, आणि दोन बिळं न बघताच सात लिहिणं हेही नाही. मागे समई पेटली. कोणीतरी सांगितलं की सरांच्या पत्नींना भरून आलं आहे, त्यांना एकांत देऊ या. दुसऱ्याने चक्कर सुचवली. चक्कर सगळ्यांना पटली.

अध्यक्षांचं भाषण मी पाठमोरी ऐकलं. त्यांनी चार शनिवारांची आणि 'काही नाही'ची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले की मागची ही सुंदर मोकळी दरड पाहून त्यांना सरांच्या साधेपणाची कल्पना आली, पुढच्या टप्प्यात तिला दगडी पिचिंग करून देऊ (म्हणजे सगळी माती दगडांनी मढवायची), आणि त्यासाठी लागेल ती मदत ते करतील. त्यालाही टाळ्या पडल्या. जेवण दीड वाजता सुरू झालं. मी अडीचपर्यंत बसले. मग नाना म्हणाले की आता ऊन आपल्याला खाईल, आणि मी उठले.

सोमवारी मी अध्यक्षांना पत्र लिहिलं. दरडीला पिचिंग करू नये, का करू नये, आणि करायचंच असेल तर कोणत्या महिन्यात अजिबात करू नये, हे मुद्देसूद लिहिलं, आणि सोबत आजोबांच्या रजिस्टरच्या प्रती जोडल्या. त्यांचा फोन लगेच आला. पत्र फार छान आहे, स्मरणिकेत घेतो, म्हणाले. मी म्हणाले की स्मरणिकेत नको, कंत्राटदाराला द्या. ते म्हणाले की बघतो. त्यांनी बघितलं की नाही ते मला पुढच्या वर्षी कळेल. त्यांनी एकदा बघितलेलं मी पाहिलं आहे, त्यामुळे ते होत नाही असं मी म्हणणार नाही.

थोरल्याने फोनवर विचारलं होतं की पायवाटेवर बघण्यासारखं काय आहे, पुढच्या सुट्टीत येऊ का. या, पण मेमध्ये या आणि टोपी आणा. कमानीतून येऊ नका, नानांना सांगून नाल्याच्या अंगाने या. माझ्या माहेरच्या खाटेची चौकट अजून पडवीत खुंटीला आहे. एक पट्टी मध्ये कलली होती, ती मी नीट करून घेतली. नानांचा उजवा खांदा दुखतो, तेव्हा तुमच्यातला एक जण त्यांच्या कोपऱ्याला लागेल.

आज सकाळी सहा वाजता मी आणि नाना जाऊन आलो. माती ढासळलेली दोन बिळं बंद आहेत, तिथे कोणी जात नाही. बाकीच्या बिळांतली पिल्लं आता तोंडाशी येऊन बसतात. रजिस्टरमध्ये या वर्षीची ओळ मी अशी भरली आहे: बिळं नऊ, चालू सात.